अल्लीपूरच्या मुलाने नागपूर का गाठावे?

स्वमग्न मुलांना वेगळी शाळा हवी की सगळ्या मुलांबरोबरची, यावर आपल्याकडे परिसंवाद होतात ते पुण्या-मुंबईत. तिथे दोन्ही पर्याय थोडेफार उपलब्ध असतात, म्हणून वादही होऊ शकतो. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यात, अल्लीपूरसारख्या गावात, आईबापांपुढे हा प्रश्न या रूपात येतच नाही. मूल साडेतीन वर्षांचे झाले, हाक मारली तर वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, गाडीचे चाक फिरवत तासभर बसते. आजी म्हणते, याचा बापही उशिराच बोलला. शेजारीण म्हणते, मोबाईलने झाले. वर्ष-दीड वर्ष असेच जाते. मग कुणीतरी सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात न्यायला सांगते, तपासण्या होतात, ऑटिझम हा शब्द घरात येतो आणि कागदावर लिहून मिळते: थेरपी आणि विशेष शिक्षण. ते कुठे मिळेल, असे विचारले की बहुतेकदा उत्तर एकच येते, नागपूर.

नागपूर म्हणजे काय, हे ज्याच्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्यालाच कळते. आठवड्यातून दोनदा जायचे तर दोन दिवसांची मजुरी बुडते आणि दोन माणसांचे भाडे लागते. शिवाय गर्दीच्या एसटीत हॉर्नच्या आवाजाने कानांवर हात ठेवून ओरडणाऱ्या मुलाकडे सगळी गाडी वळून पाहते, ते वेगळेच. पावसाळ्यात यशोदा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. काही घरांत आई मुलाला घेऊन शहरात खोली करून राहते आणि बाप वावर सांभाळत मागे राहतो. बहुतेक घरांना तेही जमत नाही. काही महिन्यांनी फेऱ्या थांबतात आणि मूल घरी बसते.

या कहाणीवरून साधारणपणे जो निष्कर्ष काढला जातो तो असा, की नागपूरसारखी चांगली केंद्रे आणखी काढावीत, वसतिगृहासह काढावीत, म्हणजे खेड्यातल्या मुलांची सोय होईल. मला हा निष्कर्ष चुकीचा वाटतो. स्वमग्न मुलांना तज्ज्ञ शिक्षण हवेच, त्याला पर्याय नाही. पण ते त्यांच्या गावात किंवा पायी, सायकलने गाठता येईल अशा शेजारच्या गावात हवे. हे मी केवळ सोयीसाठी म्हणत नाही. त्याचे कारण ऑटिझमच्या स्वरूपातच आहे.

स्वमग्न मुलांबरोबर काम करणारा कोणताही शिक्षक सांगेल की या मुलांना एका जागी शिकलेले दुसऱ्या जागी वापरणे फार अवघड जाते. केंद्रातल्या निळ्या नळावर हात धुवायला शिकलेला मुलगा घरच्या रांजणापुढे नुसता उभा राहतो. ताईने चित्र दाखवल्यावर 'पाणी' म्हणणारी मुलगी आईजवळ तहान लागली तरी रडतेच. आपल्याला वाटते, हिला येते आणि ही करत नाही. खरे तर तिला ते त्या खोलीत, त्या टेबलाशी, त्या ताईजवळ येते. तिच्या मनात शिकलेली गोष्ट तिच्या जागेसकट ठसलेली असते, तिला जागेपासून सोडवणे हेच शिक्षकाचे निम्मे काम असते. बाकीच्या मुलांना नागपूरला शिकून अल्लीपुरात वापरता येते. या मुलांच्या बाबतीत जागा बदलली की शिकवणे बऱ्याच अंशी पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. मग ज्या मुलाने पुढची पन्नास-साठ वर्षे अल्लीपुरात काढायची आहेत, तिथल्या किराणा दुकानात, तिथल्या एसटी थांब्यावर, तिथल्या ओसरीवर वावरायचे आहे, त्याला शंभर गोष्टी नागपूरच्या एका खोलीत शिकवण्यात काय अर्थ आहे? इतर कोणत्याही मुलापेक्षा या मुलाच्या बाबतीत शाळेचे ठिकाण हाच अभ्यासक्रमाचा मोठा भाग असतो.

म्हणून काय त्याला गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीत बसवून मोकळे व्हायचे? ते तर सध्या होतेच आहे. नाव पटावर असते, मूल कधी वर्गात, कधी वर्गाबाहेर, बरेचदा घरी. शाळेचा दिवस त्याच्या बाजूने पाहिला तर कळते की तो तिथे का टिकत नाही. घंटा अचानक वाजते. परिपाठाला दीडशे मुले एका सुरात मोठ्याने म्हणतात. तास संपल्याचे कुणी सांगत नाही, एकदम वह्या बदलतात. मधल्या सुट्टीत सगळे धावतात, ढकलतात, आणि खिचडीचा वास, तिचा ओलसर स्पर्श काही मुलांना इतका असह्य होतो की ती दिवसभर उपाशी राहतात. गुरुजी चांगले असले तरी त्यांच्यापुढे दोन इयत्तांची मुले बसलेली असतात. मग हळूच आईला सांगितले जाते की याला जरा उशिरा आणा, लवकर न्या, आणि पुढे, परीक्षेपुरते आणा.

जगात हा अनुभव नवा नाही. इंग्लंडमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने 1978 साली जो अहवाल दिला त्यातून विशेष मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याच्या धोरणाला बळ मिळाले. त्याच वॉर्नॉकबाईंनी 2005 मध्ये एक पुस्तिका लिहून त्या धोरणाचा फेरविचार मागितला. मोठ्या शाळांच्या गजबजाटात स्वमग्न मुलांचे किती हाल होतात हा त्यांच्या म्हणण्याचा एक गाभा होता. दुसरीकडे इटलीने 1977 च्या कायद्याने विशेष वर्ग जवळपास मोडीत काढले. पण तसे करताना विशेष मूल असलेल्या वर्गाची पटसंख्या कमी ठेवायचे ठरवले आणि सोबतीला प्रशिक्षित आधार-शिक्षक दिला. आपण इटलीची घोषणा तेवढी उचलली. पटसंख्येचे आणि शिक्षकाचे कलम मागेच राहिले.

तेव्हा तज्ज्ञता म्हणजे नेमके काय, हे जरा नीट पाहायला हवे. 1965 साली लंडनच्या ईलिंग भागात पालकांच्या संघटनेने स्वमग्न मुलांसाठी शाळा काढली. तिच्या शिक्षिका सिबिल एल्गर या मोंटेसोरी पद्धतीत तयार झालेल्या होत्या आणि त्याआधी स्वतःच्या घराच्या तळघरात मोजकी मुले घेऊन त्यांनी सुरुवात केली होती. त्यांच्याकडे ना मोठी इमारत होती ना यंत्रे. मुलाला गोंधळ होणार नाही अशी खोली, एका वेळी एक काम, थोडे आणि स्पष्ट बोलणे, आणि हे मूल शिकू शकते यावर ठाम विश्वास, एवढे त्यांचे भांडवल. त्याच सुमारास अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर दुसऱ्या टोकाने तिथेच पोहोचले. त्या काळी मोठमोठे मानसतज्ज्ञ सांगत होते की आईच्या कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होते. ब्रूनो बेटेलहाइम यांचे या मताचा पुरस्कार करणारे पुस्तक 1967 चे. शॉपलर यांनी ते नाकारले आणि आईबापांनाच सहशिक्षक केले. 1972 मध्ये त्या राज्याच्या विधिमंडळाने त्यांचा 'टीच' नावाचा कार्यक्रम राज्यभर नेण्याची व्यवस्था केली. त्यातली मुख्य साधने आजही जगभर वापरली जातात आणि ती विलक्षण स्वस्त आहेत. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावलेला. प्रत्येक कामाची ठरलेली जागा. काम डावीकडून उजवीकडे सरकते आणि संपलेले एका टोपलीत जाते, म्हणजे किती झाले आणि किती उरले हे न बोलता दिसते.

यातली एकही गोष्ट अल्लीपुरात होऊ शकत नाही असे मला कुणी दाखवून द्यावे. महाग आहे ते एकच, ही साधने कोणत्या मुलाला कशी लावायची हे जाणणारा माणूस. एक मूल चित्र ओळखते, दुसऱ्याला चित्र कळत नाही, त्याच्या हातात खरा पेलाच द्यावा लागतो. एक ओरडते ते कंटाळून, दुसरे ओरडते ते पंख्याची घरघर सहन न होऊन. दोघांनाही गप्प बसवणे म्हणजे शिकवणे नव्हे. डोळ्याला डोळा भिडवायला लावणे, हात हलवणे बंद पाडणे, यांवर वर्षे घालवणारे वर्गही आहेत. मोठे झालेले स्वमग्न लोक आज स्वतः लिहून, बोलून सांगतात की त्या शिकवणीने त्यांना काही मिळाले नाही, फक्त थकवा मिळाला. मूल इतरांसारखे दिसावे हे ध्येय धरायचे की त्याला आपली गरज सांगता यावी हे, इथे शिक्षकाची खरी पारख होते.

वर्धा जिल्ह्यात बसून हे लिहिताना मला गांधीजींच्या नई तालीमची आठवण टाळता येत नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्याने तो प्रयोग उभा केला. हाताने केलेल्या खऱ्या कामातून गणित, भाषा, विज्ञान शिकायचे, आणि ते काम मुलाच्या अवतीभवतीच्या जगण्यातले असले पाहिजे, हा त्याचा पाया. स्वमग्न मुलांचा विचार तेव्हा कुणाच्या मनात नव्हता, असणे शक्यही नव्हते. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करणारा तो प्रसिद्ध निबंध 1943 मध्ये लिहिला. पण शब्दांपेक्षा वस्तूंवर आणि कृतीवर भर देणारी, ठरलेल्या क्रमाने चालणारी, गावात रुजलेली ती शिक्षणपद्धती या मुलांना इतकी जवळची आहे, की ती याच जिल्ह्यात असून त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही याची खंत वाटते. मात्र इथे एक इशारा दिलाच पाहिजे. गांधीजींच्या कल्पनेत काम हे शिकण्याचे साधन होते. आपल्या पुष्कळ कार्यशाळांत पाकिटे चिकटवणे आणि दिवाळीच्या पणत्या रंगवणे हेच शिक्षणाचे शेवटचे टोक होऊन बसते. मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत पाकिटेच चिकटवतो, पाकिटावर पत्ता का लिहायचा हे त्याला कुणी शिकवत नाही.

दुसरी आठवण कोसबाडची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाड्यांची मुळे त्या विचारात आहेत. महाराष्ट्राने जगाला दिलेल्या शिक्षणविचारात मला ही गोष्ट सर्वात मोलाची वाटते, आणि स्वमग्न मुलांच्या बाबतीत आपण ती पूर्ण विसरलो आहोत.

विसरल्याची खूण शिकवण्याच्या साहित्यात दिसते. गावातल्या घरी थेरपीची चित्रकार्डे येतात त्यांवर सफरचंद, विमान, स्नोमॅन. आईला सल्ला मिळतो की मुलाशी एकच भाषा बोला, जमल्यास हिंदी किंवा इंग्रजी. मोबाईलवर पाहून मूल इंग्रजी आकडे घडाघडा म्हणते आणि घरातल्या कुणालाच त्याच्याशी त्या भाषेत दोन वाक्ये बोलता येत नाहीत. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलाचे नुकसान होते याला आधार नाही, असेच आजवरचे संशोधन सांगते. त्याला पहिली हवी ती मायची भाषा, तिच्या वऱ्हाडी वळणासकट. कारण तो मागणार तिच्याकडेच आहे. कार्डावर भाकर हवी, वरण हवे, बंडी हवी, लाल एसटी हवी. ही कार्डे गावातल्याच एखाद्या मुलीने मोबाईलवर फोटो काढून तयार करावीत, हेच उत्तम. त्याच्याच घरचा पेला, त्याच्याच घरचे दार.

आता हिशेबाचा आक्षेप. एका गावात अशी मुले असतील किती, त्यांच्यासाठी तज्ज्ञ कसा ठेवणार? शंभर मुलांत सुमारे एक असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने काही वर्षे दिला होता. मोठे गाव आणि त्याच्या भोवतालची खेडी मिळून दहा हजार वस्ती धरली आणि त्यात तीन ते अठरा वयाची अडीच हजार मुले मानली, तर हिशेबाने पंचवीसच्या आसपास मुले निघतात. निम्मीच ओळखली गेली तरी एक वर्ग भरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालानंतर केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढच्या स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिले आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने 2024 मध्ये 4,860 विशेष शिक्षकांच्या पदांना मान्यता दिली, म्हणजे केंद्रशाळेमागे साधारण एक. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्या शिक्षकांना यातून स्थैर्य मिळणार असेल तर ते चांगलेच आहे. पण एका शिक्षकाने केंद्रातल्या सगळ्या शाळा फिरत अंध, कर्णबधिर, बौद्धिक अक्षम आणि स्वमग्न अशा सर्व मुलांना महिन्यातून एकदा भेटायचे, ही रचना स्वमग्न मुलाला निरुपयोगी आहे. त्याला दररोज तोच माणूस, तीच वेळ, तीच जागा लागते. फिरता शिक्षक त्याच्यासाठी प्रत्येक वेळी नवा पाहुणाच असतो.

म्हणून मागणी अशी असावी. मोठ्या गावातल्या केंद्रशाळेत, त्याच आवारात, एक शांत खोली, दोन शिक्षक, त्यांतला एक तरी ऑटिझमचे प्रशिक्षण घेतलेला, आणि एक मदतनीस, शक्यतो एखाद्या स्वमग्न मुलाची आईच, मानधनावर. मुले सकाळी तिथे येतील. ज्याला जमेल तो चित्रकलेला, खेळाला, गणिताला शेजारच्या वर्गात जाईल, थकला की परत येईल. आठवड्यातला एक दिवस वर्ग गावात भरेल, दुकानात, दवाखान्यात, बाजारात. सेवाग्रामची वैद्यकीय संस्था 1969 पासून गावे दत्तक घेऊन विद्यार्थ्यांना तिथे नेते आहे, सावंगीलाही मोठे वैद्यकीय विद्यापीठ आहे. दोन वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या जिल्ह्याने वाचातज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा गावात पाठवले, तर मुलांना तपासण्यापेक्षा त्या शिक्षकांना शिकवण्यात त्यांचा वेळ जास्त सत्कारणी लागेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्यांत तपासणीला येतातच. ओळखण्याची व्यवस्था आहे, निदानाची आहे, त्यानंतरची पायरीच बांधलेली नाही.

कायदा या मागणीच्या बाजूने आहे. 1995 च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावही नव्हते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते पहिल्यांदा घेतले आणि 2016 च्या कायद्याने एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत त्याला स्थान दिले. त्याच कायद्याच्या 31 व्या कलमानुसार ठरावीक प्रमाणात दिव्यांग असलेल्या सहा ते अठरा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पसंती करायला दोन गोष्टी समोर असाव्या लागतात. आपल्या राज्यातल्या अनुदानित विशेष शाळा अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग आणि मतिमंद या जुन्या चार चौकटींत उभ्या राहिल्या. स्वमग्न मुलाला त्यांतल्या शेवटच्या चौकटीत बसवले जाते आणि त्यातला जो मुलगा सातवीचे गणित तोंडी सोडवतो पण 'भूक लागली' म्हणू शकत नाही, त्याचे तिथे काय करायचे हे कुणालाच कळत नाही.

निवासी शाळेला माझा विरोध आहे तो आणखी एका कारणाने. जे मूल आपल्याला कुणी मारले, कुणी हात लावला हे सांगू शकत नाही, त्याला रात्री अनोळखी माणसांच्या हवाली करताना फार विचार करावा लागतो. आईबापच नसतील, किंवा घरात जगणेच अशक्य असेल, तिथे गोष्ट वेगळी. पण गावात सोय नाही म्हणून सात वर्षांचे मूल दूर ठेवावे लागणे हा आईबापांवर आणि मुलावर अन्याय आहे.

गावाचे गोडवे गाण्याचाही माझा हेतू नाही. गाव याच मुलाला वेडा म्हणते, पोरे त्याला चिडवून पळतात, बाहेरचे लागले म्हणून त्याला बाबाकडे नेले जाते, बहिणीचे लग्न ठरायच्या वेळी त्याला मागच्या खोलीत बसवले जाते. शॉपलर यांनी ज्या मताशी भांडण केले तेच मत मोबाईलचे नाव घेऊन इथे आईच्या माथी मारले जाते. पण गाव बदलते ते रोज पाहून. जो मुलगा दर बुधवारी चित्राचे कार्ड दाखवून दुकानातून साबण घेतो आणि पैसे मोजून देतो, त्याला वेडा म्हणणे वर्षभरात अवघड होते. नागपूरच्या केंद्रात तो हेच शंभर वेळा करील आणि अल्लीपूरला त्याचा पत्ता लागणार नाही.

आणि मग अठरा वर्षे पूर्ण होतात. शाळेचा हक्क संपतो. बाप पन्नाशीकडे, मुलगा दाढी आलेला, ताकदीचा. या वयातले तरुण घरात कोंडले जातात ते क्रूरपणामुळे नव्हे, सकाळी उठून कुठे जायचे हेच ठरलेले नसते म्हणून. राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळवता येते. ते बऱ्याच पालकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी ते उतारवयातल्या आईबापांच्या कामाचे, मुलाच्या सोमवारच्या सकाळचे नाही. गावातल्या वर्गात वाढलेला मुलगा निदान चार दुकानदारांना, दोन शेतकऱ्यांना, एखाद्या दूध संकलन केंद्राला ओळखीचा असतो. कॅन मोजणे, रोपवाटिकेत पिशव्या भरणे, ग्रंथालयात पुस्तके क्रमाने लावणे अशी कामे ठरलेल्या क्रमाने, शांत जागी, आधार मिळाला तर यांच्यातले अनेक जण करू शकतात. हे काम शोधणे चौदाव्या वर्षी सुरू करावे लागते, आणि ते त्याच गावात शोधावे लागते.

पैशाचे म्हणाल तर एक स्रोत गावाच्या हातातच आहे. ग्रामपंचायतींना आणि इतर स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ती रक्कम वर्षअखेरीस थोडी थोडी वाटून संपते. कुणाच्या हाती पाचशे, कुणाच्या हाती हजार येतात. गरजवंताला तेही हवेच असतात, ते काढून घ्या असे मी म्हणणार नाही. पण दहा-पंधरा गावांनी आपापल्या वाट्यातला काही भाग एकत्र केला तर मदतनीस आईचे मानधन आणि खोलीचा किरकोळ खर्च त्यात बसू शकतो. शिक्षकांचे पगार राज्याने द्यायचे, त्यांतले केंद्रशाळेमागे एक पद मंजूरच आहे. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. त्याआधी ग्रामसभा होते. तिथे हा ठराव मांडायला एखाद्या आईला एकटीने उभे राहावे लागू नये, म्हणून शाळा व्यवस्थापन समिती, अंगणवाडीसेविका आणि आशाताई यांनी आपल्या याद्या एकत्र करून मुलांची संख्या आधीच काढून ठेवावी.